नव्वद मिलिसेकंद

सुकेशनी मेथी निवडत बसली होती तेव्हा तिच्याबरोबर पुण्यात काम करणाऱ्या मुकुलचा मेसेज आला. हात मातीचे होते, म्हणून फोन न उचलता तिनं करंगळीनंच पडदा सरकवून वाचलं. ‘परवा सकाळी अकरा अठ्ठेचाळीसचं ते तू यंत्रदोष म्हणून निकालात काढलंस ना, तो खरा स्फोट होता. आणखी दोन उपग्रहांना दिसलाय. सवड झाली की फोन कर.’ खाली एक हसरा चेहरा चिकटवलेला होता. तो कशासाठी हे मुकुललाच ठाऊक. सुकेशनीनं मेथीची जुडी संपवली. पानं एकीकडे, देठ एकीकडे, मधे आलेलं गवत तिसरीकडे. मग मोरीत जाऊन हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. अशा वेळी माणसाला काहीतरी धुवत राहावंसं वाटतं. आतल्या खोलीत तिची आई पंचफुलाबाई पंख्याखाली पडल्या होत्या. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्यासाठीच सुकेशनी पुण्याहून परभणीला तीन आठवड्यांसाठी आली होती. बाहेर एप्रिल तापला होता. जयंती होऊन आठवडा झाला तरी गल्लीतल्या निळ्या पताका उतरवायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. वारा नसल्यामुळे त्या नुसत्या लोंबत होत्या.

सुकेशनीचं काम सांगायला अवघड आहे असं तिचे नातेवाईक म्हणत, पण तसं काही नव्हतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका उपग्रहावर पत्र्याच्या ट्रंकेएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. आकाशातून येणारे गॅमा किरण ते मोजायचं. सेकंदाच्या या हजाराव्या भागात किती आले, पुढच्या हजाराव्या भागात किती, असं अखंड. आकडा उसळला की पुण्यातला संगणक जागा व्हायचा आणि त्या आठवड्याच्या ड्युटीवरल्या माणसाला हाक मारायचा. बारा माणसं होती, प्रत्येकाकडे आळीपाळीनं एक आठवडा. ड्युटीवरल्यानं आलेख बघून तिनांतलं एक बटण दाबायचं: खरा स्फोट, भरकटलेल्या कणांचा मारा, किंवा यंत्रदोष. बहुतेक वेळा कणांचा मारा असतो, उरलेल्यांत यंत्र रुसलेलं असतं, आणि क्वचित कधीतरी जे खरं असतं त्याच्यासाठी बारा शिकलेली माणसं आपल्या जिवाला घोर लावून घेतात. घरी बसूनही हे करता येत होतं, म्हणून आपली पाळी तिनं परभणीत घेतली. आईच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब, आणि बाकीचा वेळ आकाश. जमण्यासारखं होतं आणि परवापर्यंत जमलंही होतं.

परवा अकरा चाळीसला लाईट गेली. परभणीत एप्रिलात सकाळी लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. गेली नाही तर शेजारच्या लक्ष्मीबाई दारात येऊन नवल करतात. कूलर घरघरत थांबला, लॅपटॉप बॅटरीवर आला, इंटरनेट फोनवरून चालू झालं. अकरा त्रेपन्नला संगणकाची सूचना आली. तिनं आलेख उघडला. नेहमीच्या खडबडीत रेषेत एक बारीकशी उसळी आणि लगेच शून्य. नव्वद मिलिसेकंद निव्वळ शून्य. एरवी आकाशात जो कचरा उडत असतो तोसुद्धा नाही. मग रेषा पुन्हा सुरू. पडद्यावर आपोआप दोनच सेकंदांचा तुकडा येतो. पुढचं हवं असेल तर मागवावं लागतं, आणि ते यायला दहा मिनिटं तरी जातात. तेवढ्यात डुलकीतून जाग्या झालेल्या आईनं आतून विचारलं, लाईट गेली का गं? सुकेशनी म्हणाली, गेली. आणि तिनं तिसरं बटण दाबलं. सगळं मिळून चार मिनिटांत आटपलं होतं. आता ओल्या हातांनी मोरीच्या दारात उभं राहून ते आठवताना तिला स्वच्छ दिसत होतं की बटण दाबताना ती आलेखाकडे बघतच नव्हती. ती बंद पडलेल्या कूलरकडे बघत होती. मुकुलच्या हातून हे झालं नसतं. त्याच्या लहानपणीच्या घरात शून्य ही नवलाची गोष्ट असणार, शून्य दिसल्यावर तो ताठ बसला असता. ज्या घरात बल्ब, पंखा आणि नळ दिवसातून चार वेळा शून्यावर येतात, त्या घरातल्या पोरीला त्याचं काय वाटणार? काही दिसत नाही म्हणजे काही झालेलं नाही, कुठंतरी तार तुटली असेल, येईल तासाभरात. हे तिनं फिजिक्स शिकायच्या कितीतरी आधी शिकून ठेवलं होतं.

शिकली होती ती चारठाण्याला, दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये. पंचफुलाबाई तिथं नर्स होत्या आणि गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. वडील आश्रुबा जिंतूरच्या शाळेत मास्तर होते. रोज एसटीनं जायचे, एसटीनं यायचे, आणि सुकेशनी बारावीला असताना एका आजारपणात गेले. तेव्हा धाकटा सिद्धोधन आठवीत होता. लाईट गेली की सगळे अंगणात यायचे, आणि ती आली की साऱ्या गावातून ‘आली’ असा एकच गलका उठायचा. सिद्धोधन मुद्दाम मधेच ‘आली’ म्हणून ओरडायचा. आजूबाजूची माणसं फसून घरात शिरायची, ठेचकाळायची, शिव्या घालायची, आणि हा दगडावर बसून पोट धरून हसायचा. आई तेव्हा कंदिलाजवळ रजिस्टर भरत असायची. कुणाची नाडी किती, कुणाचा ताप किती. एकदा बारक्या सुकेशनीनं विचारलं होतं, की एखाद्याची नाडी मोजायची राहून गेली तर काय करतेस, अंदाजानं लिहितेस का. पंचफुलाबाईंनी मान वर न करता सांगितलं होतं की जे हाताला लागलं तेच लिहायचं, नाही लागलं तर नाही लागलं असं लिहायचं. त्या बाईनं तीस वर्षांच्या नोकरीत एक आकडा मनानं लिहिला नसेल. सुकेशनीला आपली आई फार थोर वाटायची त्या वयात. मग पुढं त्याच गोष्टीचा तिला राग आला.

तिनं लॅपटॉप उघडला आणि परवा जे मागवलं नव्हतं ते आज मागवलं. दहा मिनिटं ती नुसती बसून राहिली. आलेख आला तेव्हा तिला तो ओळखायला वेळ लागला नाही, कारण असे आलेख तिनं इतरांच्या कामात पाहिले होते आणि आपल्या वाट्याला एकदा तरी यावा म्हणून नऊ वर्षं वाट पाहिली होती. शून्यानंतर एक लांब शेपटी होती. जवळजवळ चार मिनिटं ती दर सात सेकंदांनी थोडी वर यायची, थोडी खाली जायची आणि विरत जायची. कुठंतरी एक मेलेला तारा सात सेकंदांत एक गिरकी घेत होता आणि त्याच्या अंगावरचा एक तापलेला डाग दर गिरकीला इकडे वळत होता. मॅग्नेटार. सूर्यापेक्षा जड आणि परभणी ते झरी एवढ्या वीसेक किलोमीटरांच्या अंतरात मावेल असा. त्याच्या चुंबकाचा जोर एवढा, की कधीतरी त्याचं स्वतःचंच कवच तडकतं आणि सूर्य हजारो वर्षांत टाकतो तेवढी ऊर्जा तो डोळ्याची पापणी लवायच्या आत फेकून मोकळा होतो. हा उजेड निघाला तेव्हा परभणी नव्हती, गोदावरीकाठी शेती नव्हती, माणसाला गव्हाचा दाणा ठाऊक नव्हता. एवढ्या लांबून तो आला, सुकेशनीच्या पाळीत आला, आणि तिनं त्याला लाईट गेली म्हणून परतवून लावला. त्या पहिल्या काही तासांत बाकीच्या दुर्बिणी तिकडे वळवता आल्या असत्या. आता मागं रेंगाळलेला उजेडही विरून गेला होता. पुन्हा तो तारा तसा कधी तडकेल, याला काही नेम नव्हता.

आणि शून्य का आलं होतं, तेही आता उघड होतं. यंत्र बिघडलं नव्हतं. आलेला मारा एवढा प्रचंड होता की त्याची मोजणीच कोलमडली. एक किरण मोजून होण्याआधी हजार येऊन आदळले, तेव्हा ते गप्प झालं. त्या नव्वद मिलिसेकंदांत इतकं काही येत होतं, की लिहून काढण्यासारखं काहीच उरलं नाही. सुकेशनी त्या सपाट तुकड्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं की आता आपल्याला नोकरीची काळजी वाटेल, मुकुल काय म्हणेल याची लाज वाटेल. त्यातलं थोडं थोडं वाटलंही. पण ते पाहुण्यासारखं दारातच थांबलं आणि त्याच्या मागून दुसरंच काहीतरी आत शिरलं. तिला आईचा चेहरा दिसला. सहा वर्षांपूर्वीचा, जिल्हा रुग्णालयाच्या आवारातला. अगदी असाच सपाट.

सिद्धोधन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. जिंतूरला आयटीआयमध्ये शिकवायला लागून वर्ष झालं होतं. शनिवारी मोटारसायकलवर परभणीला यायला निघाला आणि झरीच्या अलीकडे समोरून आलेल्या टेम्पोनं त्याला उडवलं. फोन पंचफुलाबाईंना आला. निवृत्त होऊन परभणीत राहायला आल्याला त्यांना चारच वर्षं झाली होती. त्यांनी गॅस बंद केला, चप्पल घातली, रिक्षानं रुग्णालयात गेल्या, पोरगा ओळखला, कागदांवर सह्या केल्या आणि मग पुण्याला फोन लावला. सिद्धोधन वारला, सावकाश ये, गाडीत पाणी पीत ये, असं त्या म्हणाल्या. सुकेशनीनं आवारात शिरून त्यांच्या गळ्यात पडून टाहो फोडला, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं तिच्या खांद्यावरून घसरलेली बॅग सावरली. त्यानंतरचे पाच दिवस घर रडत होतं, फक्त पंचफुलाबाई सोडून. त्या आल्यागेल्याला पाणी विचारत होत्या. सत्यशीलामावशी, म्हणजे त्यांचीच धाकटी बहीण, चक्कर येऊन पडली तर तिची नाडी बघत होत्या. पाचव्या दिवशी सिद्धोधनच्या नावानं जलदानविधी झाला. भन्तेजी सुत्तपठण करत होते, ताटातल्या पेल्यात धार धरून पाणी ओतलं जात होतं, पेला भरून वाहायला लागला तसा बायांचा बांध फुटला. आणि पंचफुलाबाई मागं वळून कुणालातरी खुणेनं विचारत होत्या, की जेवायला बसतील त्यांना पत्रावळ्या पुरतील ना. तेव्हा सुकेशनी उठली. सगळ्यांच्या देखत, भन्तेजींच्या देखत ती आईला म्हणाली, “तुला काहीच वाटलं न्हाई ना? तुझ्या दवाखान्यातला पेशंट होता का त्यो?” पंचफुलाबाईंनी लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हे तिला तेव्हाही जाणवलं होतं. मग त्या सत्यशीलाला म्हणाल्या, पाणी दे हिला.

ते वाक्य त्यानंतर दोघींनी कधी उच्चारलं नाही, आणि त्याच्याभोवतीनंच सहा वर्षं चालत राहिल्या. दर रविवारी फोन व्हायचा. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. पाऊस पडला का, थोडा पडला. कुकरची शिट्टी बदलली का, बदलली. सिद्धोधनचं नाव आई घेत नव्हती आणि लेक काढत नव्हती. पंचफुलाबाई तिला एकदाही ये म्हणाल्या नाहीत. मोतीबिंदूचंसुद्धा सत्यशीलामावशीकडून कळलं. सुकेशनीनं त्याचा अर्थ लावून ठेवला होता. आईनं ते वाक्य धरून ठेवलंय, आणि धरून ठेवण्यासारखंच ते आहे. भावाच्या जलदानाला आईला जिवंतपणी दगड ठरवणारी मुलगी होती ती. पुण्यात दुपारी जेवणाचा डबा उघडताना, बसच्या रांगेत, कुठंही ते वाक्य तिच्याच आवाजात तिला ऐकू यायचं आणि तिचे कान तापायचे. ते परत घ्यावं असं तिला हजारदा वाटलं. पण परत घ्यायचं म्हणजे काय म्हणायचं? तुला वाटलं होतं, असं म्हणायला तिच्याकडे पुरावा नव्हता. या नऊ दिवसांत आईच्या गालावरून पाणी ओघळताना ती रोज चार वेळा बघत होती, पण ते औषधाचं होतं. आज मात्र तिच्यासमोर पुरावा पडला होता. शून्य म्हणजे काही नाही असं नसतं. कधी कधी शून्य म्हणजे मोजता येणार नाही इतकं असतं. तिला स्वतःचीच कीव आली, की एवढी साधी गोष्ट समजायला तिला आकाशातला एक तारा तडकावा लागला.

मुकुलशी बोलणं फार झालं नाही. तो समजूतदार माणूस होता, आणि समजूतदार माणसं अशा वेळी वाट काढून देतात. त्याचं म्हणणं असं, की आपल्या खुलाशात संगणकाच्या चाळणीत, म्हणजे आकडे तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्रुटी राहिली असं लिहू. ते खोटंही नाही, कारण चाळणीनं लांबचा तुकडा आपणहून दाखवायला हवा होता. सुकेशनी म्हणाली, की चाळणीनं हाक मारली होती, ऐकलं नाही ते मी. मुकुल म्हणाला, की आई कशी आहे तुझी, तू थकली आहेस, उद्या लिही. तिनं फोन ठेवल्याबरोबर लिहिलं. बारा जणांच्या गटात चार ओळी टाकल्या: अमुक वेळची नोंद मी तपासली, शून्य आकडा बघून यंत्रदोष ठरवला, पुढचा तुकडा मागवला नाही, चूक माझी आहे, नोंद बदलावी. पाच मिनिटांत तिघांनी, होतं असं कधी कधी, म्हणून लिहिलं आणि नोंद बदलली गेली. इतकं सोपं असतं हे तिला माहीत नव्हतं. छातीवरचं ओझं थोडं सरकलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक वेडी घाई शिरली. एक नोंद बदलते तर दुसरीही बदलेल. चार वाजायला आले होते. थेंबांची बाटली घेऊन ती आत गेली.

पंचफुलाबाई उताण्या पडल्या. सुकेशनीनं खालची पापणी बोटानं ओढून दोन थेंब सोडले, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आता पाच मिनिटं दोन्ही डोळे मिटून ठेव म्हणाली. त्यांना हे सांगावं लागत नव्हतं, हजारो लोकांना त्यांनीच सांगितलं होतं. सुकेशनी खाटेच्या कडेला बसली. मिटल्या डोळ्यांशी बोलणं तिला सोपं वाटलं. आधी तिनं ताऱ्याचं सांगितलं, जमेल तितकं घरातल्या भाषेत. परवा लाईट गेली तेव्हा काय आलं होतं, आपण त्याला काय समजलो, आणि खरं काय होतं. पंचफुलाबाई नीट ऐकत होत्या. पेशंटची हकीगत ऐकावी तशा मधेच नेमकं विचारत होत्या. ते आता पुन्हा दिसेल का, असं त्यांनी विचारलं. आपल्या हयातीत बहुतेक नाही, सुकेशनी म्हणाली. चूक वरच्यांना सांगितलीस का? सांगितली. बरं केलंस, पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि गालावर आलेला थेंब पदरानं टिपला.

“आई,” सुकेशनी म्हणाली, “सिद्धूच्या जलदानाला मी तुला जे बोलले, ती बी अशीच चूक होती. तुला इतकं लागलं होतं, की बाहेर काही दिसलंच न्हाई. मला ते कळलं न्हाई. सहा वर्षं झाली, मला रोज आठवतं ते.” वाक्य नीट मांडून आणलं होतं, तरी शेवटी ते तिच्या हातून निसटलं आणि ती रडायला लागली. पंचफुलाबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला आणि धरला. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी हंडे घासत होतं. मग त्या म्हणाल्या, “तुझी चूक न्हवती.”

सुकेशनीला वाटलं, आई समजूत घालतेय. ती मान हलवायला लागली, पण आईला ते दिसण्यासारखं नव्हतं. पंचफुलाबाई सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलत होत्या. “मला खरंच काही वाटलं न्हाई, सुकू. फोन आला तवा न्हाई, बघितला तवा बी न्हाई. मला वाटलं, येईल. तीस वर्षं बायांना मीच सांगायचे, आता न्हाई पण दोन दिसांनी येईल, मोकळ्या व्हा. म्हून मी वाट बघितली. जलदानाला येईल म्हणलं. मग वर्षाच्या पुण्यानुमोदनाला. त्याची ट्रंक उघडली, त्याचे सदरे वास घेऊन बघितले. त्याच्यासंगं शिकलेल्या पोरांच्या लग्नांना मुद्दाम गेले. न्हाई आलं.” तसं नसतं, सुकेशनी म्हणाली. असतं, पण आपल्याला कळत नसतं. मी आत्ता सांगितलं ना, यंत्र गप्प झालं म्हणजे मारा नव्हता असं नाही. पंचफुलाबाईंनी ते ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की तुझं ते यंत्र मग पुन्हा मोजायला लागलं का. लागलं, सुकेशनी म्हणाली, लगेच. आणि बोलून गेल्यावर तिला जे माहीत होतं पण दुपारभर डोक्यात आलं नव्हतं ते आठवलं: फार मोठ्या माऱ्यानं यंत्रं जळतातही. वरून धड दिसतात, फिरत राहतात, पण पुन्हा मोजत नाहीत.

“तू बोललीस तवा मला बरं वाटलं होतं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “बाकी समदे मला धीराची म्हणायले. लय धीराची बाई, लय सोसलं. मला लाज वाटायची. येकट्या तुला दिसलं, की हितं काही न्हाई. मला वाटलं, आता हिच्याशी बोलता येईल. पण तू पुन्हा बोललीच न्हाईस.”

सुकेशनीचं रडणं थांबलं होतं. सहा वर्षं जे वाक्य तिनं विषासारखं पोटात बाळगलं, त्याच्या आधारानं इकडे कुणीतरी उभं होतं, आणि आज ती तेच काढून घ्यायला आली होती. तिला हात सोडवून घ्यावासा वाटला आणि तसं वाटल्याची भीती वाटली. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, की मग मला कधी ये का म्हणाली नाहीस. पंचफुलाबाईंचा धरलेला हात तेवढा जरा घट्ट झाला. त्या म्हणाल्या, “तू दारात येऊन उभी ऱ्हायलीस की मी माझ्याच आत बघते. काही हालतंय का. दर टायमाला बघते. म्हून तू न्हाई आलीस तर मला सोपं जातं. सिद्धू गेला, त्याचं न्हाई वाटलं. उद्या तुला काही झालं तर तुझं बी न्हाई वाटायचं, ह्याचं मला लय भ्या वाटतं.”

भ्या वाटतं ना, म्हणजे वाटतं, असं म्हणायला सुकेशनीनं तोंड उघडलं. आलेखावरचा एक बारीकसा कंगोरा धरून बसावं तसं ते होतं, आणि तिनं ते गिळलं. हंडे घासणं थांबलं होतं. कूलरच्या पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं आणि पंचफुलाबाईंच्या पिकल्या केसांवर पडलं होतं. कानामागं मेंदीचा जुना रंग राहिला होता, कपाळावर आठी नव्हती. झोपलेल्या माणसासारखा शांत, धुतल्यासारखा चेहरा. ही आपली आई आहे, सुकेशनीनं मनात म्हटलं. मग अगदी हळू, जवळजवळ श्वासातच तिनं विचारलं, “आन् आत्ता?”

पंचफुलाबाईंनी घाई केली नाही. त्यांच्या मिटल्या पापण्यांच्या आत बुबुळं हळूहळू इकडून तिकडे फिरताना दिसत होती. लेकीचा हात हातात धरून त्यांनी नीट, मनापासून शोधलं, एकही कोपरा सोडला नाही. आणि मग, पोरीशी खोटं बोलायचं नाही म्हणून, त्यांनी उशीवरच मान हलवली. नाही. सुकेशनीनं भिंतीवरल्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, तरी आता डोळे उघड असं तिला म्हणवेना.